जीर्णोद्धार की रंगरंगोटी? पडद्यावरचा शेरलॉक होम्स आणि जुन्या मालिकांच्या नव्या आवृत्त्या

१/ जुन्या दगडी मंदिरावर ऑइलपेंटचा हात फिरला की मंदिर नवे झाल्याचा आनंद गावाला होतो आणि इतिहासाच्या अभ्यासकाच्या पोटात गोळा येतो. छिन्नीच्या खुणा, झिजलेली अक्षरे, दगडाचा मूळ रंग, सारेच त्या थराखाली जाते. जुन्या दूरचित्रवाणी मालिकांच्या बाबतीतही असेच घडू शकते. तिथे रंगाचा डबा मात्र कोणाला दिसत नाही. वेष्टनावर ‘रिस्टोअर्ड’ हा शब्द दिसतो आणि प्रेक्षक निर्धास्त होतो.

२/ हा धागा त्या एका शब्दाची चिकित्सा करणारा आहे. उदाहरण शेरलॉक होम्सचे. १९६५, १९६८ आणि १९८४ या वर्षी सुरू झालेल्या तीन ब्रिटिश मालिका तीन निरनिराळ्या रीतींनी आपल्यापर्यंत पोहोचल्या. त्यांपैकी एक तर बरीचशी पोहोचलीच नाही. जुन्या मालिकेची डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे आवृत्ती चांगली की वाईट, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कशावरून ठरवावे, हा इथला प्रश्न आहे.

३/ आधी सर्वांत परिचित मालिका. मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनने निर्मिलेली होम्स मालिका २४ एप्रिल १९८४ रोजी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर सुरू झाली आणि एप्रिल १९९४ मध्ये संपली. एकूण भाग ४१. त्यांपैकी ३६ तासाभराचे आणि ५ चित्रपटाच्या लांबीचे. होम्सच्या भूमिकेत जेरेमी ब्रेट. वॉटसन प्रथम डेव्हिड बर्क आणि १९८६ पासून एडवर्ड हार्डविक. संगीत पॅट्रिक गॉवर्स यांचे.

४/ या मालिकेने मूळ कथांशी प्रामाणिक राहण्याचा ध्यास घेतला होता. निर्माते मायकेल कॉक्स यांच्या चमूने होम्स आणि वॉटसन यांच्या सवयी, वस्तू, खोलीतील मांडणी यांची नोंद करणारी ७७ पानांची एक पुस्तिकाच चित्रीकरणासाठी तयार केली. स्टुडिओच्या आवारात बेकर स्ट्रीटचा आख्खा रस्ता उभारला गेला. पुनरुद्धाराची चर्चा करताना हे लक्षात ठेवायला हवे, कारण पडद्यावरची प्रत्येक वस्तू इथे जाणीवपूर्वक ठेवलेली आहे.

५/ तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट अशी की ग्रॅनडाची ही मालिका १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली. कॉक्स यांनी पुढे या निर्मितीवर लिहिलेल्या पुस्तकाचे नावही ‘अ स्टडी इन सेल्युलॉइड’ असेच आहे. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये, त्या काळच्या टीव्हीसंचावर दिसत होता त्याहून बराच अधिक तपशील साठलेला असतो. म्हणून अशा मालिकेची उच्च दर्जाची नवी प्रत काढणे शक्य होते. हे भाग्य प्रत्येक मालिकेच्या वाट्याला आले नाही.

६/ आता वीस वर्षे मागे जाऊ. बीबीसीने १९६४ मध्ये ‘द स्पेकल्ड बँड’ ही कथा सादर केली आणि तिच्या यशानंतर १९६५ मध्ये १२ भागांची मालिका काढली. होम्स होते डग्लस विल्मर, वॉटसन नायजेल स्टॉक. त्या काळी स्टुडिओतील नाट्य बहुधा व्हिडिओ टेपवर ध्वनिचित्रमुद्रित होई. दोन इंच रुंदीची ती टेप महाग असे आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. या सोयीनेच पुढे घात केला.

७/ कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुनःपुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. घरोघरी कॅसेट विकता येतील, ही कल्पना कोणाच्या मनात नव्हती. प्रक्षेपण झाले की कार्यक्रमाचे काम संपले, असा समज होता. त्यामुळे टेपा पुसल्या गेल्या. १९७८ च्या सुमारास बीबीसीने हे थांबवून संग्रहाकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली. तोवर असंख्य कार्यक्रम कायमचे गेले होते.

८/ मग काही भाग वाचले कसे? परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी कार्यक्रमाची फिल्मवर प्रत काढली जाई. एका खास पडद्यावर कार्यक्रम चालवायचा आणि त्याच्यासमोर फिल्म कॅमेरा ठेवायचा, अशी ती पद्धत. तिला टेलिरेकॉर्डिंग म्हणत. अस्सल सनद हरवावी आणि एखाद्या कारकुनाने करून ठेवलेली नक्कल तेवढी दप्तरात सापडावी, तसे हे. नक्कल दुय्यम खरी, पण अस्सल नसेल तेव्हा तिचे मोल अस्सलाइतकेच.

९/ १९६५ च्या मालिकेचे दोन भाग अशा नकलांमधूनही पूर्ण मिळाले नाहीत. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये ही मालिका डीव्हीडीवर आणली, तेव्हा त्यातील ‘द ॲबे ग्रेंज’ या भागाचा पूर्वार्ध उपलब्ध नव्हता. संस्थेने काय करावे? नवे नट घेऊन दृश्ये चित्रित करता आली असती. संस्थेने नव्वदी ओलांडलेल्या विल्मर यांनाच कॅमेऱ्यासमोर बसवले आणि हरवलेला कथाभाग त्यांच्याकडून वाचून घेतला.

१०/ या निर्णयाचे महत्त्व ओळखायला हवे. प्रेक्षकाला कथेचा धागा मिळतो, पण इथे मूळ चित्रफीत नाही हेही त्याच्यापासून लपत नाही. पन्नास वर्षांचे अंतर त्या वृद्ध चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. फुटलेल्या मूर्तीला सिमेंटचा हात जोडून तो जुनाच असल्याचे भासवणे आणि तुटलेली जागा तशीच ठेवून शेजारी माहितीफलक लावणे, यांत जो फरक आहे तोच इथे आहे. विल्मर यांचे पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, निधन झाले.

११/ १९६८ च्या मालिकेची कथा अधिक खेदजनक आहे. पीटर कुशिंग हे होम्स, मालिका रंगीत, भाग १६. त्यांपैकी आज केवळ ६ उपलब्ध आहेत. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’चे दोन भाग त्यात येतात. उरलेले १० भाग कोणतेही संगणकीय तंत्र परत आणू शकत नाही. पुनरुद्धाराच्या चर्चेत ही मर्यादा प्रथम ध्यानात घ्यावी: तंत्र जे उरले आहे ते स्वच्छ करते, जे उरलेलेच नाही त्याविषयी ते फक्त कल्पना करू शकते.

१२/ उरलेल्या प्रतींवरून मुळाकडे कसे जायचे, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, भर कुठे पडली, याचा त्यांनी काटेकोर शोध घेतला.

१३/ त्या आवृत्तीची थोरवी केवळ तिने ठरवलेल्या संहितेत नाही. वगळलेले श्लोकही तिने तळटिपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. संपादकाचा निर्णय पटला नाही, तर वाचक स्वतः तपासू शकतो. पुनरुद्धारित मालिका ही देखील एका दृक्‌श्राव्य संहितेची नवी आवृत्तीच असते. तेव्हा तिचे परीक्षण करताना पाठचिकित्सेचे प्रश्न विचारणे योग्य ठरते. मूळ कोणते? भर कोणती? वगळले काय? आणि हे सांगितले आहे का?

१४/ पहिला प्रश्न मूळ प्रतीचा. कॅमेऱ्यातून गेलेली निगेटिव्ह ही पहिली पिढी. तिच्यावरून छापील फिल्म, फिल्मवरून प्रक्षेपणाची टेप, टेपवरून व्हीएचएस कॅसेट, अशी वंशावळ तयार होते आणि प्रत्येक पिढीला काही तपशील गळतो. युरोपीय पद्धतीच्या डीव्हीडीच्या चित्रात ५७६ रेषा असतात, ब्ल्यू-रेच्या चित्रात १०८०. परंतु ५७६ रेषांची जुनी टेप ताणून १०८० रेषांवर बसवली तर तपशील वाढत नाही. फक्त डिस्कचे नाव बदलते.

१५/ म्हणून वेष्टनावरच्या अंकापेक्षा ‘नवी प्रत नेमकी कशावरून काढली’ हे वाक्य महत्त्वाचे. फिल्मचा आकारही पाहावा. अमेरिकेच्या ‘कोलंबो’सारख्या मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर होत. तिच्या एका चौकटीचे क्षेत्रफळ १६ मिलिमीटरच्या चौकटीच्या सुमारे साडेचार पट असते. ग्रॅनडाच्या होम्सकडून ‘कोलंबो’इतक्या रेखीव चित्राची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पेशवे दप्तरातील घाईने लिहिलेल्या मोडी चिठ्ठीने ताम्रपटासारखे दिसावे, असा आग्रह कोणी धरत नाही.

१६/ इथे एक खरी अडचण उभी राहते. १९८४ साली प्रेक्षकाने काचेच्या फुगीर पडद्यावर जे पाहिले, ते निगेटिव्हपेक्षा पुष्कळ मऊ होते. मग मूळ कोणते म्हणायचे, कॅमेऱ्याने टिपलेले की प्रेक्षकाने पाहिलेले? दोन्ही उत्तरांना आधार आहे. पहिले निर्मितीच्या इतिहासाचे साधन आहे, दुसरे प्रेक्षकाच्या अनुभवाचे. यांपैकी कशाला प्रमाण मानले हे आवृत्तीने उघड सांगावे, एवढीच रास्त अपेक्षा ठेवता येते.

१७/ दुसरा प्रश्न कणांचा. फिल्मवरचे चित्र चांदीच्या क्षारांवर होणाऱ्या प्रकाशाच्या क्रियेतून घडते, त्यामुळे त्यात सूक्ष्म कण हलताना दिसतात. १६ मिलिमीटरमध्ये चित्र अधिक मोठे करावे लागते, म्हणून ते ठळक दिसतात. नव्या प्रेक्षकाला हा दोष वाटतो. वस्तुतः चित्र ज्या द्रव्याचे बनले आहे, तेच ते द्रव्य. धूळ, ओरखडे, डाग हे मात्र नंतर आलेले. ते काढण्यास हरकत नाही. चांगला पुनरुद्धारक या दोहोंत भेद करतो.

१८/ वाईट पुनरुद्धारक संगणकाला कण पुसायला सांगतो. यंत्राला कण आणि त्वचेवरील सुरकुती यांतला फरक नेहमीच कळतो असे नाही. चेहरे मेणाचे होतात, लोकरी कोटाची वीण नाहीशी होते, धुक्याचे पट्टे पडतात. मग गेलेली धार परत आल्याचा आभास व्हावा म्हणून कडा कृत्रिमरीत्या ठळक केल्या जातात आणि माणसांभोवती पांढरी प्रभा उमटते. पहिल्या दृष्टिक्षेपात हे चित्र स्वच्छ भासते. मंदिरावरचा ऑइलपेंटही पहिल्या दृष्टिक्षेपात स्वच्छच भासतो.

१९/ ग्रॅनडाच्या होम्सबाबत ही गोष्ट केवळ सौंदर्याची उरत नाही. जेरेमी ब्रेट यांनी दहा वर्षे ही भूमिका केली आणि त्या काळात ते गंभीर मानसिक व शारीरिक आजारांशी झुंजत होते. हृदयविकार होता, औषधांचे परिणाम शरीरावर दिसत होते. १९८४ चा शिडशिडीत, चपळ होम्स आणि १९९४ चा जड झालेला, दमलेला होम्स हे दोन्ही एकाच माणसाचे चेहरे आहेत. सप्टेंबर १९९५ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी ते गेले.

२०/ अखेरच्या पर्वातील ‘द मॅझरिन स्टोन’ या भागात तर त्यांच्या आजारामुळे कथेतील बरेचसे काम होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट याच्याकडे, म्हणजे चार्ल्स ग्रे यांच्याकडे सोपवावे लागले. हे सारे पडद्यावर नोंदलेले आहे: डोळ्यांखालची सूज, हालचालींतला जडपणा, बोलताना लागणारा श्वास. चेहरा गुळगुळीत करणारे आणि ध्वनीतील ‘खरखर’ सरसकट काढणारे तंत्र या नोंदी पुसते. तेव्हा पुसला जातो तो एका नटाच्या आयुष्यातील शेवटच्या वर्षांचा पुरावा.

२१/ तिसरा प्रश्न चौकटीचा. त्या काळचा पडदा ४ : ३ या प्रमाणाचा, आजचा १६ : ९. जुनी मालिका नव्या पडद्यावर खरी दाखवायची तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवावे लागतात. ते अनेकांना खटकतात, म्हणून चित्र रुंदीला भरून वर-खाली कापले जाते. साधे गणित केले तरी कळते की अशा कापाकापीत मूळ चित्राचा २५ टक्के भाग जातो. कधी टोपी जाते, कधी टेबलावरचा हात, आणि गुप्तहेरकथेत हात काय करतो आहे हेच तर पाहायचे असते.

२२/ ग्रॅनडाच्या होम्सला हा नियम अधिकच लागू आहे. ‘स्ट्रँड’ मासिकात १८९१ पासून या कथांसोबत सिडनी पॅजेट यांची चित्रे छापली जात. या मालिकेतील कित्येक दृश्यांची मांडणी थेट त्या चित्रांवरून केलेली आहे. १९८५ च्या ‘द फायनल प्रॉब्लेम’मध्ये होम्स आणि मोरिआर्टी यांची झुंज स्वित्झर्लंडमधील खऱ्या रायखेनबाख धबधब्यापाशी चित्रित झाली, आणि ती पाहताना पॅजेट यांचे चित्र ओळखू येते. चौकट कापली की हा शंभर वर्षांचा दुवा तुटतो.

२३/ याची उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. बाल्टिमोरच्या पोलिसांवरील ‘द वायर’ ही एचबीओची मालिका २००२ ते २००८ या काळात ४ : ३ चौकटीत प्रसारित झाली. २०१४ मध्ये तिची १६ : ९ आवृत्ती आली आणि पुढे ब्ल्यू-रेवरही तीच निघाली. मूळ फिल्मवर कडेचा अधिक भाग उपलब्ध असल्याने इथे चौकट रुंदावताही आली. निर्माते डेव्हिड सायमन या कामात सहभागी झाले आणि काही दृश्ये नव्या चौकटीत खुलली, तर काहींची मूळ मांडणी बिघडली, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले.

२४/ म्हणजे बदल झाला की पाप झाले, असा सोपा निवाडा करता येत नाही. निर्माता जिवंत आहे, त्याला विचारले गेले, त्याने कारणे लिहून ठेवली. ही सर्व संपादकीय शिस्तच आहे. खरी खंत निराळी. ब्ल्यू-रेवर फक्त नवी चौकट मिळाली. जुनी हवी असेल तर जुन्या डीव्हीडीकडेच जावे लागते. भांडारकरच्या संपादकांनी वगळलेला श्लोक निदान परिशिष्टात तरी ठेवला होता.

२५/ चौथा प्रश्न रंगाचा. जुन्या चित्रीकरणात रात्रीचे दृश्य अनेकदा दिवसा टिपून प्रयोगशाळेत काळोखे केले जाई. निगेटिव्हवर ते दृश्य उजेडातलेच असते. नवी प्रत काढणाऱ्याने जुनी प्रक्षेपित प्रत समोर ठेवली नाही, तर मध्यरात्री दबा धरून बसलेला गुप्तहेर भर दुपारी झुडपात बसलेला दिसू लागतो. गॅसच्या दिव्याचा पिवळसर उजेड आजच्या निळसर आवडीप्रमाणे ‘सुधारणे’ हीदेखील याच जातीची चूक. म्हणून निगेटिव्ह हाती आली तरी जुन्या प्रतींची गरज संपत नाही.

२६/ पाचवा प्रश्न गतीचा आणि ध्वनीचा. अमेरिकी फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, युरोपीय दूरचित्रवाणी २५ चौकटींनी. २४ चे २५ केले की कार्यक्रम सुमारे ४ टक्के लवकर संपतो आणि आवाज किंचित चढतो. उलट दिशेच्या रूपांतरात दोन चौकटी एकमेकींत मिसळून हालचालीला सावली येऊ शकते. ध्वनीच्या बाबतीत, एका मार्गिकेवरील मूळ ध्वनी सहा दिशांना पसरवलेला असेल, तर मूळ मार्गिकाही डिस्कवर आहे का ते पाहावे.

२७/ सहावा प्रश्न वगळलेल्या भागांचा. आयटीव्हीवरचे कार्यक्रम जाहिरातींसाठी थांबत. पटकथा त्या थांब्यांच्या हिशेबाने लिहिलेली असे. रहस्य कुठे ताणायचे हे जाहिरात ठरवी. ‘कोलंबो’ १९७१ पासून एनबीसीवर इतर रहस्यमालिकांसह आळीपाळीने दाखवली जाई आणि त्या सर्वांना मिळून एकच शीर्षकफीत होती. डिस्कवरून असे जोड काढले की कथा सलग होते, पण प्रेक्षक ती कशी पाहत होते ही माहिती हरवते.

२८/ सातवा आणि सर्वांत नाजूक प्रश्न कल्पनेने भरलेल्या जागांचा. व्हिडिओवरची हालचाल सेकंदाला ५० क्षेत्रांची असते, टेलिरेकॉर्डिंगमध्ये ती २५ चौकटींवर येते. ‘विडफायर’ नावाचे तंत्र मधल्या चौकटी गणिताने तयार करून हालचालीचा मूळ सळसळता गुण परत आणते. जुन्या प्रेक्षकाच्या अनुभवाजवळ ते नेते यात शंका नाही. तरीही त्या मधल्या चौकटी अनुमानाच्या आहेत. शिलालेखातील पुसलेली अक्षरे चौकोनी कंसात द्यायची असतात. तसा कंस इथेही हवा.

२९/ कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली तेव्हापासून हा कंस अधिकच आवश्यक झाला आहे. अस्पष्ट चेहऱ्याला ती डोळ्यांच्या पापण्या देतात, धूसर वर्तमानपत्राला अक्षरसदृश आकृत्या देतात. ग्रॅनडाच्या मालिकेत टेबलावरची वस्तू, पत्रावरचा मजकूर आणि भिंतीवरचे चित्र यांवर विचारपूर्वक श्रम घेतलेले होते. तिथे यंत्राने सुचवलेला तपशील बसला, तर उद्याचा अभ्यासक १९८४ च्या कलादिग्दर्शकाचे काम म्हणून आजच्या यंत्राचे अनुमान उद्धृत करील.

३०/ यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. डिस्क काढणाऱ्या संस्थेला पैसा लागतो. निगेटिव्ह शोधणे, स्वच्छ करणे, स्कॅन करणे खर्चाचे असते. आणि चकचकीत चित्र नसेल तर नवा प्रेक्षक येत नाही. विकलीच न जाणारी शुद्ध आवृत्ती कोणाच्या उपयोगाची? खरे आहे. पण भेद न विकणारा आणि विकणारा असा नाही. कण राखलेली, चौकट जपलेली आवृत्तीही विकली जाते, आणि चार ओळींची माहितीपुस्तिका छापायला फार खर्च येत नाही.

३१/ शिवाय या निर्णयांना मुदत असते. जुन्या ब्रिटिश मालिका निष्ठेने प्रकाशित करणारी नेटवर्क ही कंपनी २०२३ मध्ये बंद पडली आणि तिची अनेक शीर्षके बाजारातून नाहीशी झाली. फिल्म म्हातारी होते, रंग विटतात, टेपवरचा लेप झडतो. एखाद्या मालिकेचा खर्चिक पुनरुद्धार बहुधा एका पिढीत एकदाच होतो. त्या वेळी जे पुसले गेले, ते पुढच्या पिढीला ‘मूळ’ म्हणून कधी भेटेलच याची शाश्वती नसते.

३२/ तेव्हा एखादी आवृत्ती हाती आली की हे तपासावे:
• प्रत कशावरून काढली: निगेटिव्ह, छापील फिल्म की टेप?
• फिल्मचे कण आणि त्वचेचा पोत जिवंत आहे का?
• मूळ चौकट आहे का? नसल्यास निर्णय कोणाचा?
• रंग ठरवताना जुनी प्रत पाहिली होती का?
• मूळ ध्वनिमार्गिका निवडता येते का?
• शीर्षके आणि मध्यंतरे मूळची आहेत का?
• अनुमानाने भरलेले भाग वेगळे ओळखू येतात का?

३३/ या कसोटीवर ‘द ॲबे ग्रेंज’च्या अर्ध्या उरलेल्या, धूसर भागाची डीव्हीडी पूर्ण गुण मिळवते, आणि मेणासारख्या चेहऱ्यांची एखादी महागडी ब्ल्यू-रे अनुत्तीर्ण होऊ शकते. चित्र अधिक सुंदर असणे हा गुण आहेच. परंतु ते सौंदर्य निगेटिव्हमधून आले की यंत्राच्या अनुमानातून, हे कळल्याशिवाय त्या गुणाला साधन म्हणून किंमत देता येत नाही.

३४/ हा विषय दूरच्या ब्रिटनचा वाटू नये. बासू चटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्षी’ १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली. रजित कपूर यांचा सत्यान्वेषी आणि के. के. रैना यांचा अजित आजही लोकांना आठवतो. २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली गेली, तेव्हा तिला एक नवा, तरुण प्रेक्षकही मिळाला. त्याआधी १९८५ मध्ये पंकज कपूर यांचा ‘करमचंद’ येऊन गेला होता. या मालिकांच्या नव्या आवृत्त्यांची मागणी कधी ना कधी होईल, आणि व्हायलाच हवी.

३५/ त्या दिवशी केवळ ‘चित्र स्वच्छ हवे’ एवढीच मागणी करणारा प्रेक्षक असेल, तर त्याला स्वच्छ चित्र मिळेल आणि आणखी काही मिळणार नाही. ‘प्रत कशावरून काढली, बदल कोणते केले, जुनी प्रत कुठे ठेवली’ असे विचारणारे शंभर जण असतील, तर आवृत्ती काढणाऱ्याला उत्तरे तयार ठेवावी लागतील. मंदिरावर रंग चढण्याआधी गावातल्या दोन-चार तरुणांनी पुरातत्त्व खात्याला पत्र लिहावे, तसेच हे काम आहे. ते रंग वाळण्याआधीच करावे लागते.

धागा समाप्त. दूरदर्शनच्या कोणत्या जुन्या मालिकेची चिकित्सक आवृत्ती सर्वप्रथम निघावी, आणि तिच्यात काय बदलू नये, हे वाचकांनी खाली कारणांसह जरूर लिहावे.